काजव्यांचा फोटो आणि मधला अंधार

आज आपण एकाच प्रकारच्या फोटोबद्दल बोलू. मे संपता संपता आपल्या अकोले तालुक्यातल्या भंडारदरा, घाटघर, रतनवाडी परिसरातून तो दरवर्षी येतो. हिरड्या-बेहड्याचं एखादं झाड आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो पिवळसर-हिरवे ठिपके. व्हॉट्सॲपवर आपण सगळ्यांनी तो पाहिलाय. सुंदर असतो, त्यात वाद नाही. वाद आहे तो पुढचा.

हा फोटो बहुधा एका क्लिकचा नसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, ३०-३० सेकंद शटर उघडं ठेवून समजा २० फ्रेम घ्यायच्या, आणि घरी संगणकावर त्या एकावर एक रचायच्या. म्हणजे १० मिनिटांतली प्रत्येक लुकलुक एका चौकटीत आली. तंत्र म्हणून यात गैर काही नाही. पण यात काजव्यांची लय जाते, ही आमची तक्रार आहे. प्रत्यक्षात अख्खं झाड जवळजवळ एका ठेक्यात उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. अंगावर काटा येतो तो त्या मधल्या विझण्याने. भजनातले १० मिनिटांचे टाळ एकाच क्षणी वाजवले, तर काय ऐकू येईल? तसंच इथे होतं. काजवे मोजायला मिळतात, ताल हरवतो.

आता याचा परिणाम बघा. हा फोटो पाहून माणूस मुंबई-पुण्याहून गाडी काढतो आणि झाडासमोर उभा राहून म्हणतो, "एवढंच?" कारण फोटोतला उजेड त्याच्या डोळ्यांना कधीच दिसणार नसतो. शिवाय डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तेवढा धीर कुणाला? मग हेडलाइट, मोबाइलची टॉर्च, फ्लॅश. फ्लॅशमध्ये तर काजवा दिसतच नाही, नुसती पानं दिसतात!

काजव्याचं चमकणं ही जोडीदाराला घातलेली हाक असते. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. आपल्या दिव्यांत ती हाक बुडते. मादी अंडी घालते ओलसर मातीत, पालापाचोळ्यात. म्हणजे नेमकं आपण पाय देऊन ट्रायपॉड रोवतो तिथेच.

"मग जाऊच नका," हे शहरात बसून म्हणणं सोपं आहे. या दिवसांत तिथल्या आदिवासी कुटुंबांना तंबू, जेवण, वाटाड्याचं काम यातून चार पैसे मिळतात. तेव्हा जरूर जा. गाडी लांब लावा, दिवे मालवा, कॅमेरा पिशवीत ठेवून अर्धा तास नुसते बसा. नंतर फोटो काढलात, तर कॅमेऱ्याची मागची स्क्रीनही झाका. आणि फ्रेम रचल्या असतील तर फोटोखाली स्पष्ट लिहा: इतक्या फ्रेम, इतकी मिनिटं. पाहणाऱ्याचा तो हक्क आहे.

आम्हाला स्वतःला पाहायला आवडेल तो एकाच एक्स्पोजरचा फोटो. थोडे ठिपके, बाकी काळोख. त्याला लाइक कमी मिळतील. पण तो पाहून आलेला माणूस झाडासमोर "एवढंच?" म्हणणार नाही, पुढच्या उजळण्याची वाट बघत थांबेल.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊया.