होडीची मोटर आणि अश्वशक्तीचा हिशेब

छोट्या शिडाच्या होडीला पेट्रोल इंजिनाऐवजी विद्युतमोटर बसवावी का? आम्हा वर्तकनगरकरांना उपवनचा तलाव हाकेच्या अंतरावर आणि ठाण्याची खाडीही फार लांब नाही, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. मात्र मोटरींच्या माहितीपत्रकांतले विज्ञान आम्हाला तपासल्यावाचून घेण्यासारखे वाटत नाही.

या पत्रकांत मोटरीचा रेटा पौंडांत देतात आणि ती दोन-तीन अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाच्या तोडीची असल्याचे सुचवतात. ५५ पौंड रेट्याची मोटर १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर विद्युतप्रवाह घेते. म्हणजे ६०० वॅट. पुरती एक अश्वशक्तीही (७४६ वॅट) नाही. मग उरलेली कोठून आली? रेटा मोजतात तो होडी खुंटाला बांधून. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग; वेगच शून्य असेल तर होडीला मिळणारी उपयुक्त शक्तीही शून्य. तुलनेत तथ्यच नाही, असे मात्र नव्हे. मोठा, सावकाश फिरणारा पंखा पुष्कळ पाणी हळू मागे ढकलतो, म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये जास्त रेटा देतो. लहान, वेगवान पंखा थोडे पाणी जोराने फेकतो आणि ऊर्जा वाया घालवतो. धक्क्यापासून होडी हलवताना हा फरक खराच जाणवतो.

खाडीतली गोष्ट वेगळी. समजा वारा पडला आहे, ओहोटी २ नॉट वेगाने समुद्राकडे ओढते आहे आणि ठाण्याकडे परतायचे आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. पाच मीटर लांबीच्या होडीला ३ नॉटसाठी ३०० वॅट लागतात असे धरू. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३ नॉटने बॅटरी चार तास पुरेल. प्रवाह वजा जाता ४ सागरी मैल कापले जातील. घाई करून ४ नॉटने गेलो तर ७११ वॅट लागतील आणि सुमारे ३.४ मैलांवर बॅटरी संपेल. जपून २.५ नॉटने गेलो तरी अंतर जवळपास तेवढेच! सर्वांत किफायतशीर वेग प्रवाहाच्या दीडपट येतो. बारावीचे विद्यार्थी अवकलनाने हे सिद्ध करू शकतील. पाच मैलांवरून परतणाऱ्याला मात्र कोणताच वेग घरी पोचवणार नाही. तो चिखलात अडकून भरतीची वाट पाहील.

‘आदित्य’चे उदाहरण हमखास दिले जाते. ही ७५ प्रवाशांची सौरनौका २०१७ पासून केरळात वैकम ते तवणक्कडवु धावू लागली. नौका उत्तम, पण दाखला चुकीचा. तिचा मार्ग अडीच-तीन किलोमीटरचा, ठरलेला. आणि छपरावर २० किलोवॅटचे सौरपट्ट मावतात. आपल्या होडीला छप्परच नाही, आणि पट्ट बसवले तरी शिडाची सावली त्यांवर पडणार. शिडावर चालताना पाण्याने पंखा फिरवून बॅटरी भरता येते हेही खरे, पण तो पंखा तेवढा वेळ ब्रेकच असतो.

तरीही आमचा कौल मोटरीच्याच बाजूने आहे, कारण शिडाच्या होडीचे मुख्य इंजिन वारा. मोटर लागते ती धक्क्याशी, दहा-पंधरा मिनिटे. उपवनसारख्या तलावात ६०० वॅट पुरेसे आहेत. खाडीत न्यायची असेल तर बॅटरी दुप्पट घ्यावी, भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून, उधाणाचे दिवस टाळून निघावे. वल्ही मात्र होडीतून काढू नयेत.