देशमुखांचा मूळपुरुष शोधण्याआधी

आडनावं आणि जनुकशास्त्र या विषयावर काही वाचायला घेतलं की एका पेपरचा हवाला हमखास येतो. पेपर जेमतेम तीन पानांचा आहे. ब्रायन सायक्स आणि कॅथरीन आयर्विन यांनी तो २००० साली अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्समध्ये छापला. लेखकाने अभ्यासाला आडनाव घेतलं तेही स्वतःचंच, सायक्स.

यॉर्कशायरकडच्या बोलीत या शब्दाचा अर्थ ओहोळ. म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने 'नाल्यावरचे'. आता नाले काय एकाच गावात असतात? म्हणून जुन्या कागदांवरून सगळ्यांचा अंदाज होता की हे आडनाव ठिकठिकाणी वेगवेगळ्या घरांना पडलं असणार. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय गुणसूत्रही. तेव्हा दोन्ही ताडून बघू, अशी ती कल्पना. ४८ सायक्स पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरच्या चार खुणा तपासल्या. जवळजवळ निम्म्यांचा नमुना एकच निघाला आणि तो नमुना इतर इंग्रजांत सापडला नाही. निष्कर्ष : आजच्या सायक्सांचा मूळपुरुष एकच. मग उरलेले निम्मे कुठून आले? तर ७०० वर्षांत बाहेरचा बाप येत गेला, सरासरी पिढीमागे १.३ टक्के.

कल्पना सुंदर आहे. पण निष्कर्षाची उडी मला पटत नाही. आज निम्मे एका वंशाचे आहेत, यावरून सुरुवात एकापासून झाली हे सिद्ध होत नाही. समजा सुरुवातीला वीस घरं होती. काहींना मूलच झालं नाही, काहींना फक्त मुली झाल्या, एका घरात मात्र चार-चार मुलगे होत गेले. सातशे वर्षांनी तेच घर सगळीकडे दिसणार. याला जनुकीय अपवहन म्हणतात, नेट-सेटला आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. शिवाय चार खुणांची चाळणी फारच मोठ्या भोकांची.

२००९ साली ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावं, १,६७८ पुरुष आणि १७ खुणा घेऊन हाच प्रश्न पुन्हा विचारला. ॲटनबरो या विरळ आडनावात दहापैकी जवळपास नऊ जण एका वंशाचे निघाले. स्मिथ मात्र एकमेकांना परकेच. स्मिथ म्हणजे लोहार, आणि भाता तर प्रत्येक गावात होता. आडनाव किती घरांत आहे, यावर सगळं बदलतं आणि अपवहनानेही हे चित्र तयार होऊ शकतं, हे त्यांनी दाखवलं. वाचायचाच तर हा पेपर वाचा.

आता आपल्याकडे या. अमरावती-अकोल्यात देशमुख भरपूर, सॅम्पल आरामात मिळतील, तोच प्रयोग इथे करू, असं सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या कुणालाही वाटू शकतं. सॅम्पल मिळतील. अडचण प्रश्नात आहे.

देशमुख हे मुळात पद. गावाला पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख आणि देशपांडे. देशमुखाने वसुली आणि बंदोबस्त बघायचा, देशपांड्याने हिशोब. काम वंशपरंपरेने चाले, म्हणून पदाचं आडनाव झालं. परगणे अनेक, तेव्हा देशमुखही अनेक, आणि कुणाचा कुणाशी संबंध असायलाच हवा असं नाही.

तीन माणसं बघा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, मूळ आडनाव कदम. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन ब्राह्मण, मूळ आडनाव सिद्धये, वतनामुळे देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख सीकेपी. या तिघांचा एक मूळपुरुष काहून शोधायचा?

हे फक्त जनुकशास्त्रवाल्यांपुरतं नाही. सर्व्हेच्या एक्सेलमध्ये जातीचा रकाना रिकामा दिसला की आडनाव बघून तो भरायचा मोह होतो. देशमुख दिसला की लिहा मराठा. या एका सवयीने आरोग्याचा किंवा शिक्षणाचा अख्खा अभ्यास वाकडा होऊ शकतो, आणि व्हायवाला कुणाच्या लक्षातही येणार नाही. मुसलमान देशमुखही आहेत, त्यांचं काय करणार?

गावावरून पडलेली आडनावं तरी सोपी असतील असं वाटतं. पण कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे, वर्धा जिल्ह्यातही आहे. मग कारंजेकर कुठले?

मी असतो तर प्रश्न लहान केला असता. एकच परगणा, एकच देशमुखी. आधी वतनाचे कागद, महजर, निवाडे. भावाभावांत वाटणी कधी झाली, दत्तक कोण आलं, वतन विकलं गेलं का, हे लिहून काढायचं आणि मगच गुणसूत्राकडे जायचं. नमुने जुळले तर वाटणीच्या कागदांना आधार मिळेल. नाही जुळले तर पुन्हा कागदांकडे यायचं आणि दत्तक किंवा विक्री कोणत्या पिढीत झाली ते तपासायचं. मात्र त्यासाठी सॅम्पल घेण्याआधी मोडी यायला हवी.