मुलांना बोलू न देणारी कादंबरी

साने गुरुजींच्या ‘धडपडणारी मुले’बद्दल खानदेशात सहसा कुणी नाराजीचा सूर लावत नाही. लावणार तरी कसा? १९३०पर्यंत अमळनेरच्या शाळेत शिकवताना छात्रालय सांभाळणारा, मुलांची अंथरुणे आवरणारा, त्यांचे कपडे धुणारा, त्यांच्यासाठी स्वहस्ते दैनिक लिहून काढणारा हा माणूस. त्याच्या पुस्तकावर बोट ठेवायला धीर लागतो. पण पुस्तक निराश करते.

सुरुवात झकास आहे. फिरता फिरता अमळनेरला आलेला स्वामी छात्रालयात रमतो आणि मुले हळूहळू त्याच्याभोवती गोळा होतात. मोठ्या माणसाने मुलाकडे किती हळुवारपणे पाहावे, ते इथे उपदेशाविना कळते. त्याच्या कामातून, त्याच्या नुसत्या वावरातून कळते. गुरुजींनी स्वतः जगलेले छात्रालय असल्यामुळे लेखणी इथे हात आखडत नाही.

मग स्वामी बोलू लागतो, आणि बोलतच राहतो. स्वदेशी, खेडे, धर्म, सेवा. नामदेव, रघुनाथ ही मुले त्याच्यासमोर बसतात, भारावतात, त्याच्याच भाषेत उत्तरे देतात. धडपड म्हटली की पडणे आले, खरचटणे आले, खोडी आली, खोटे बोलून पकडले जाणे आले. इथे मुले पडण्याआधीच सावरलेली असतात. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली याच लेखकाने लिहिलेल्या ‘श्यामची आई’तला श्याम आठवा. पोहायला घाबरून लपणारा, पुस्तकांच्या मोहाने पैसे चोरणारा. तो आपला वाटतो, कारण आधी तो चुकतो. छात्रालयातल्या मुलांना चुकायला फुरसतच दिलेली नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. ही मुले खानदेशची, पण त्यांच्या तोंडून अहिराणी जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याच काळात जळगावकडे बहिणाबाई घरकाम आणि शेतकाम करता करता रोजच्या बोलीत गाणी रचत होत्या. छापून यायला त्यांना १९५२ उजाडले. गुरुजी जन्माने कोकणातले, पालगडचे, म्हणून त्यांच्या कानांना सवलत देता येईल. तरी भाकरी मोडताना एकमेकांना चिडवणारी दोन पोरे एका पानावर तरी हवी होती.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने उतरवून घेणारा हा लेखक. त्याच्यासमोर देश पेटला होता. प्रसंग रचत, पात्रे वाढवत बसण्याएवढी उसंत त्याला नव्हती. कादंबरी त्याला हवी होती ती तरुणांना हाक घालण्यासाठी, आणि त्या पिढीतल्या अनेकांनी ती हाक ऐकलीही. पण हाक ऐकून घराबाहेर पडणाऱ्या मुलाच्या पोटात काय कालवते, ते मात्र पुस्तकात येत नाही. इतिहासाच्या पुस्तकात ती जागा रिकामी राहिली तर चालते. मुलांच्या कादंबरीत चालत नाही.

अमळनेरच्या किंवा शिरपूरच्या सातवीतल्या मुलाला द्यायचे झाले तर मी छात्रालयाची प्रकरणे वेगळी काढून देईन. पुढची भाषणे त्याने कॉलेजात गेल्यावर, त्या काळाचा अभ्यास करायचा म्हणून वाचावीत. कंटाळला तर रागावू नये.