यकृत म्हणजे गाळणी?

शालेय पुस्तकांत यकृत भेटते ते पचनसंस्थेच्या धड्यात. 'शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी. पित्तरस तयार करते' एवढे सांगून धडा स्वादुपिंडाकडे वळतो. पुढे कुठेतरी, बहुधा चौकटीत, 'यकृत विषारी द्रव्ये गाळून काढते' असे वाक्य येते. पहिले विधान अपुरे आहे. आमची खरी तक्रार दुसऱ्याबद्दल आहे.

गाळणीत चहाची पत्ती अडकते ती तशीच्या तशी. यकृतात रेणूच बदलतो. (जंतू टिपणाऱ्या पेशीही तिथे असतात, पण ती गोष्ट वेगळी.) प्रथिनांच्या विघटनातून निघणारा अमोनिया मेंदूला घातक असतो. यकृत त्याचा युरिया बनवते, मूत्रपिंडे तो फक्त बाहेर टाकतात. हा मार्ग क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडला. युरिया मूत्रपिंडातच तयार होतो असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले, तर दोष त्याचा नाही.

शिवाय हा बदल दर वेळी हिताचाच असतो असे नाही. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतातच विषारी पदार्थात बदलतो. नेहमीच्या मात्रेत पेशींतील ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्याच पेशी मरू लागतात. गाळणीच्या कल्पनेत हे बसवायचे कसे? 'यकृत साफ करणाऱ्या' काढ्यांच्या जाहिराती मात्र तीत चपखल बसतात. गाळणी तुंबणारच, मग ती धुवायला नको का!

आमच्या मते सुरुवात रक्तवाहिन्यांच्या आकृतीने करावी. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त आधी आतडी, जठर, प्लीहा अशा अवयवांतून फिरून पोर्टल शिरेने येते. म्हणजे पचलेले अन्न, बहुतेक मेद वगळता, शरीरभर जाण्यापूर्वी यकृतातून जाते. जेवणानंतरची जादा साखर तिथे साठते आणि उपाशीपोटी पुन्हा रक्तात सोडली जाते.

क्लोद बेर्नार यांनी १८५५ मध्ये कुत्र्याच्या काढलेल्या यकृतातून पाणी सोडून त्यातली साखर पार धुऊन टाकली. ठेवून दिलेल्या त्याच यकृतात दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर सापडली. ती आली कुठून? हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि वर्गाला थोडा वेळ द्यावा. साखर ज्या रूपात साठते ते ग्लायकोजेन शुद्ध स्वरूपात वेगळे करायला खुद्द बेर्नार यांनाही १८५७ साल उजाडले होते.