एका माहितीपुस्तिकेचे रसग्रहण

समीक्षा लिहायची तर मराठी घेऊन एम.ए. तरी व्हावं लागतं, असा समज आहे. मी बी.कॉम. पण एक पुस्तक मी एका रात्रीत तीनदा वाचलंय, तेही बॅटरीच्या उजेडात. तेव्हा एवढा अधिकार मला असावा. पुस्तक म्हणजे आमच्या मोटारीची माहितीपुस्तिका. त्यातलं 'चोरीप्रतिबंधक यंत्रणा' हे प्रकरण रहस्यकथेत मोडतं.

कथानक साधं आहे. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिमुकली चिप असते. तिला स्वतःचा सेल लागत नाही. किल्ली फिरवली की कुलपाभोवतीचं तारेचं वेटोळं तिला वीज पुरवतं, ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते आणि गाडीतला संगणक तो नोंदीशी ताडून बघतो. जुळला तर इंजिनाला पेट्रोल, नाही तर नाही. थोडक्यात, आमच्या बँकेतलं नमुना-सह्यांचं कार्ड! युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं आहे.

लेखकाची शैली संयमी आहे. इतकी, की महत्त्वाचं ते तो सांगतच नाही. गाडी चोरीला गेल्यास विमावाले दोन्ही मूळ किल्ल्या मागतात, याचा उल्लेख नाही. 'नव्या किल्लीची नोंद अधिकृत केंद्रात करून घ्यावी' हे वाक्यही त्यानं तळटिपेत लपवलंय.

आमची एक किल्ली मी हरवली होती, दुसरी चिरंजीव खिशात घालून पुण्याला गेले होते. मी बाजारातल्या चावीवाल्याकडून तिसरी करून घेतली. दार उघडलं, म्हणून खूश होतो. त्याच रात्री आईला दम लागला. तिला मागच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली. इंजिन क्षणभर घुरघुरलं आणि गप्प. पुन्हा फिरवली. गप्प. समोर तांबडा दिवा लुकलुकत होता. आई धापा टाकत म्हणाली, "अरे, गाडी तुझीच ना रे?"

शेवटी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं नेलं. त्याच्या रिक्षानं कोण, कुठले, काही विचारलं नाही. आई चार दिवसांनी घरी आली.

पुस्तकाचा मुख्य दोष पात्रचित्रणात आहे. चोर बारकाईनं रंगवलाय. मालक कुठे दिसतच नाही.

असा कडक शेरा ठरवून मी कामावर गेलो. काउंटरवर पेन्शन घ्यायला एक आजी. हात थरथरत होता, सही जुळेना. नेहमीप्रमाणे "सही जुळत नाही, पुन्हा या" म्हणणार, तोच तो तांबडा दिवा डोळ्यांपुढे आला. उठून साहेबांकडे गेलो. अशा वेळी दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा घ्यावा, त्यांतला एक बँकेचा असावा, अशी सोय नियमांत आहेच, साहेब म्हणाले.

साक्षीदार म्हणून मी सही केली. माहितीपुस्तिका आमच्याकडेही होती. वाचायची तेवढी राहिली होती.