मोजलेलं आणि मानलेलं

मुंबई-गोवा महामार्गाला विजयदुर्ग-कोल्हापूर रस्ता जिथे भेटतो, ते आमचं तळेरे. पहाटे रस्त्याच्या कडेने हात हलवत चालणारी माणसं आता इथेही दिसतात. गेल्या वर्षीपासून त्यांत मीही आहे. साखर निघाली, मुलाने फोनवर पावलं मोजणारं ॲप टाकून दिलं, आणि रोज रात्री मी त्यातला आकडा वाचू लागलो. पुस्तकांवर लिहिणारा माणूस मजकुरावर सहसा चटकन विश्वास ठेवत नाही. पण हा मजकूर मी अगदी भाबडेपणाने वाचत होतो. इतका, की तेच ॲप वहिनीच्या फोनवर मी स्वतः टाकलं.

दिवस लावणीचे. फोन प्लास्टिकच्या पिशवीत मेरेवर, आणि वहिनी दिवसभर कुणग्यातल्या चिखलात ओणवी. संध्याकाळी खळ्यात टेकून तिने पाहिलं, तर ९१२ पावलं, आणि खाली उद्या जास्त प्रयत्न करण्याचा सल्ला. ‘माका वाटला, आज मी काय केलंयच नाय,’ ती हसत म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र फोन कमरेला खोचून चिखलात उतरली. लावणी म्हणजे ओणवं राहून इंचाइंचाने मागे सरकणं. आकडा फारसा हलला नाही. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर ती खळ्यात फेऱ्या मारत होती.

तेव्हा मला या मजकुराच्या निवेदकाचा संशय आला. दहा हजार पावलांचं लक्ष्य कुठून आलं? १९६५मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीने ‘मान्पो-केई’ नावाचं यंत्र विकायला काढलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मापक’. आय-मिन ली यांच्या गटाने २०१९मध्ये सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मृत्यूचा धोका साधारण ७,५०० पावलांपर्यंत घटत जातो, पुढे फारसा फरक दिसत नाही. म्हणजे ज्याला आपण वैद्यकीय आज्ञा समजतो, ते मुळात वस्तूचं नाव.

वाचकाची अपेक्षा मजकुराचा अर्थ घडवते, हे साहित्यात जुनंच. इथे ती रक्तदाबापर्यंत पोचते. २००७मध्ये ॲलिया क्रम आणि एलेन लँगर यांनी अमेरिकेत हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या ८४ बायकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सांगितलं की तुमचं रोजचं काम हाच चांगला व्यायाम आहे. चार आठवड्यांनी त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरला. कामात बदल झाल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. प्रयोग लहान, आणि हालचालीची माहिती त्यांनीच दिलेली, तेव्हा मी त्याला मीठ लावूनच घेतो. पण २०२३मध्ये क्रम यांच्याच गटाने १६२ जणांच्या मनगटावर घड्याळं बांधली. ज्यांना मुद्दाम कमी पावलं दाखवली, त्यांचं खाणं बिघडलं, मन खालावलं, रक्तदाब आणि नाडी वाढली.

यावरून ‘मानलं की झालं’ असं म्हणायला मी तयार नाही. माझी साखर श्रद्धेने उतरलेली नाही. त्या बायकांना धीर म्हणून काही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांचेच कष्ट त्यांना दाखवले होते. ॲप नेमकं उलट करतं. त्याच्या मनातलं शरीर दिवसभर खुर्चीत बसतं आणि मग वेळ काढून चालतं. ओणव्या पाठीला त्यात रकानाच नाही.

पण सगळा दोष ॲपवर टाकता येत नाही. ‘व्यायाम’ म्हणजे रिकामा वेळ असणाऱ्यांची गोष्ट, हे आमच्या घरात आधीपासून ठरलेलं होतं. वहिनीच्या कामाला आम्ही काम तरी कितीदा म्हटलं? ९१२ हा आकडा तिला पटला, कारण त्या सुरात तिने पूर्वीही ऐकलं होतं. फोन नव्हता तेव्हा तो सूर आमचा होता.

परवा भांडी घासताना तिला मी हॉटेलातल्या बायकांचा प्रयोग सांगितला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मगे भावजीनू, त्येंचो पगार वाढलो काय?’