बालिग होण्याच्या कथा आणि आपली खामोशी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला शिकवतो. विज्ञानातला प्रजननाचा धडा आला की "घरी वाचून घ्या" असे सांगून पुढे जायचे, हा अनेक शिक्षकांचा रिवाज. सुरुवातीची काही वर्षे आम्हीही तेच केले. जे वर्गात सांगितले जात नाही, ते साहित्य तरी सांगते का, हे पाहण्यासाठी आम्ही तीन कृती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

सआदत हसन मंटो यांच्या 'ब्लाउज' कथेतला मोमिन हा घरकामाला ठेवलेला पोरगा. त्याचे अंग ठणकते, छातीला बारीक गाठी लागतात आणि आपल्याला काय होते आहे, हे त्याला उमगत नाही. घरातली मुलगी ब्लाउज शिवायला घेते आणि ते कापड त्याच्या स्वप्नात शिरते. कथेत कोणी दुष्ट नाही. त्या पोराला दोन शब्द समजावून सांगणारेही कोणी नाही.

इस्मत चुगताई यांच्या 'टेढी लकीर' कादंबरीतली शमन भरल्या घरात एकटी वाढते. शाळेत ती एका शिक्षिकेत जीव गुंतवते. अशा ओढीला आपण चटकन बेशिस्त म्हणतो. इस्मतआपा तिच्यामागची मायेची भूक दाखवतात. शरीराबरोबर मनही बदलते, हे इथे कळते.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांची आहे. मित्रांची टोळी, मास्तरांचा धाक, घरची अब्रू यांच्यामध्ये मुकुंद जोशीचे शिरोडकरवरचे प्रेम कसे चेपले जाते, ते बोकील फार खरेपणाने लिहितात. मात्र शिरोडकरच्या मनात काय चालले आहे, ते आपल्याला मुकुंदच्या नजरेतूनच दिसते. ही त्या निवेदनाची मर्यादा आहे.

आता आपल्याकडे वळू. आम्ही वाचलेल्या मुस्लिम मराठी कथांत मुलगी बाहुलीशी खेळते आणि पुढच्या पानावर तिचा निकाह होतो. मधली पाच-सहा वर्षे गायब! दीनियातच्या पुस्तकात बालिग होण्याच्या खुणा आणि गुसलचे नियम स्पष्ट दिलेले असतात. म्हणजे विषय आपल्याला वर्ज्य नाही. नियम पाठ होतात. भीती आणि लाज यांबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

पुढे आम्ही तो धडा नीट शिकवला. तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. "सर, छातीत गाठ आहे. कॅन्सर तर नाही ना?" आम्हाला मोमिन आठवला. या वयात पुष्कळ मुलांना असे होते, बहुतेकांचे आपोआप ओसरते, तरी एकदा डॉक्टरांना दाखव, असे आम्ही सांगितले. किती महिने तो ही भीती घेऊन वर्गात बसला असेल?

आपल्या लेखकांनी, विशेषतः लेखिकांनी, ही मधली वर्षे आता लिहायला हवीत.